घर शांत आहे

यंत्राच्या मते त्या घरात छळ करणारी व्यक्ती कस्तुरी होती.

अहवालात तसं स्वच्छ लिहिलं होतं, वर रंगीत आलेखही काढून दिला होता. नवरा निषाद कोरगावे याची रेघ हिरवी आणि सपाट. बायको कस्तुरी कोरगावे हिची रेघ लाल, जिथं तिथं सुळके उसळलेले. तळाशी निष्कर्ष: 'घरातील आक्रमक वर्तनाचा उगम पत्नीकडे आढळतो.' कस्तुरीनं तो वाचला आणि तिला आधी हसूच फुटलं. समोर बसलेली तिची वकील सेलाम मात्र हसत नव्हती, तेव्हा तिनं हसू आवरलं.

सेलामचे आईवडील फार वर्षांपूर्वी इथिओपियातून पोर्ट हॅलन या थंड बंदराच्या शहरात आले होते. नवऱ्याच्या मागोमाग परदेशात आलेल्या आणि नवऱ्याच्याच हातून पोळलेल्या बायकांचे खटले ती चालवायची. असला अहवाल घेऊन समोर बसलेली बाई तिला आजवर भेटली नव्हती.

"माझ्यापासून काही लपवलं आहेस का?" सेलामनं विचारलं.

"लपवायचं काय त्यात? मी मोठ्यानं बोलते. लहानपणापासून."

"म्हणजे किती मोठ्यानं?"

"म्हणजे हे असं," कस्तुरी म्हणाली. लगेच बाहेर बसणाऱ्या कारकुनानं दार उघडून आत डोकावून पाहिलं, सगळं ठीक आहे ना म्हणून.

सेलामनं कपाळाला हात लावला.

कस्तुरीचं काय पणाला लागलं होतं ते आधी सांगायला हवं. नवऱ्याच्या परवान्यावर आलेल्या बायकोचा तिथं राहण्याचा हक्क नवऱ्याच्या सहीवर जगतो. सही गेली की हक्क गेला. परत पाठवतील या धास्तीनं कितीतरी बायका मार खात, अपमान गिळत तशाच राहायच्या. त्यावर त्या देशानं एक चांगला कायदा केला होता: छळ सिद्ध झाला, तर बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय, स्वतःच्या नावावर राहण्याचा हक्क मिळेल. कस्तुरी चार वर्षांच्या किमयाला घेऊन निवारागृहात आली त्याच आठवड्यात निषादनं आपली सही काढून घेतली होती. आता लवादानं छळ मानला तर कस्तुरी राहणार. नाही मानला तर तिला देश सोडावा लागणार, आणि किमया तिथंच जन्मलेली, तिथलीच नागरिक, ती शांत पालकाकडे राहणार. शांत पालक कोण, ते अहवालात लिहिलेलंच होतं.

आणि आता ते यंत्र. नव्या इमारतींत प्रत्येक घराच्या भिंतीत ते बसवलेलं असायचं. मूळ हेतू चांगला होता. आग लागली, गॅस गळला, एकटं राहणारं म्हातारं माणूस पडलं, तर मदत बोलवायची. त्यासाठी ते घरातले आवाज ऐके, दारांची कुलपं आणि खोल्यांचं तापमान यांची नोंद ठेवी. पण घरातलं बोलणं साठवून ठेवायला कायद्यानं बंदी होती. म्हणून ऐकलेले शब्द यंत्र तिथल्या तिथं पुसून टाकी आणि उरलेली स्वरछाया तेवढी जपून ठेवी. आवाज किती मोठा, किती चढा, किती वेगाचा, कोण कुणाला मध्येच तोडतंय, कुणाच्या बोलण्यानंतर किती वेळ कुणी बोललं नाही, पावलांचा आणि श्वासांचा आवाज, एवढंच. पडद्यामागं दोघं भांडत असली तर शब्द कळत नाहीत, पण उगारलेला हात सावलीत दिसतो, तसला हा प्रकार.

पुढं संशोधकांच्या ध्यानात आलं, की एवढ्यावरूनही घरातली हिंसा ओळखता येते. कोर्टात सिद्ध झालेल्या हजारो प्रकरणांच्या स्वरछाया त्यांनी यंत्राला शिकवल्या. त्या घरांत राग आला की माणसं ओरडायची. यंत्र शिकलं: मोठा आवाज म्हणजे राग, हळू आवाज म्हणजे सलोखा. आता शिकवणाऱ्यांनी जे दाखवलं तेच ते शिकणार, त्याला काय दोष द्यायचा. पण इचलकरंजीतलं एकही घर त्याला कुणी ऐकवलं नव्हतं.

कस्तुरी तिथली, मुसळ्यांची. खाली यंत्रमागांचा कारखाना आणि माडीवर घर. दिवसरात्र खालून खटक-फटक, खटक-फटक चालायचं आणि पायाखालची फरशी थरथरायची. त्या घरात मीठ मागायचं तरी रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं मागावं लागे. लाड, चेष्टा, बाजारभाव, सांत्वन, सगळं एकाच पट्टीत. खरोखर गुपित सांगायचं असलं तर नुसते ओठ हलवायचे, समोरचा बरोबर वाचायचा. त्या आवाजात पोरं गाढ झोपत. वीज गेली आणि माग थांबले की मात्र अख्खी गल्ली जागी होऊन दारात यायची, काय झालं म्हणून विचारत. पुढं ते जुने माग भंगारात गेले, पण माणसांचे आवाज काही खाली आले नाहीत.

निषाद सांगलीचा. त्याच्या घरी ताटाला चमचा लागला तरी वडील मान वर करून बघत. लग्नानंतर पहिल्या वर्षी तो हसून म्हणायचा, "कस्तुरी, आपण कारखान्यात नाही." पाहुण्यांना त्याचं फार कौतुक वाटे. किती सौम्य, किती समजूतदार. मग वाक्य आखूड होत होत एकच शब्द उरला. "हळू." तो शब्द उच्चारताना निषाद तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दोन बोटं टेकवायचा आणि हात बधिर होईपर्यंत दाबून धरायचा. वळ उठायचा नाही. तिचा पासपोर्ट त्याच्या कपाटात, तिचा फोन त्याच्या खात्यावर. तिनं वाद घातला तर तिच्या खोलीचा हीटर त्याच्या मोबाईलवरून बंद व्हायचा, आणि सकाळी तोच विचारायचा, "तुला फार थंडी वाजते का गं हल्ली?"

त्यानं कधीही आवाज चढवला नाही. रोज संध्याकाळी भिंतीतून गोड आवाज यायचा, 'घर शांत आहे. धन्यवाद.' महिनाभर शांत राहिलेल्या घराला इमारतीकडून एक तारा मिळे. निषादनं ते तारे फ्रिजवर ओळीनं चिकटवले होते.

एका रविवारी दुपारी कस्तुरी आईशी फोनवर बोलत होती. निषादनं तिच्या हातातून फोन काढून घेतला, तिला मनगटाला धरून बाल्कनीत नेऊन उभं केलं आणि आत येऊन मोबाईलवरून दाराला कुलूप घातलं. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. तिच्या अंगावर घरातला सुती पंजाबी ड्रेस होता. तिनं काच वाजवायला हात उचलला, तेव्हा निषादनं ओठांवर बोट ठेवलं आणि सोफ्यावर बसलेल्या किमयाकडे नजर टाकली. तिनं हात खाली घेतला. पुन्हा उचलला, तेव्हाही असंच झालं. तासाभरानं दार उघडलं तेव्हा त्यानं तिच्यासाठी आलं घालून चहा केला होता. भिंत म्हणाली, 'घर शांत आहे. धन्यवाद.'

तरीही ती राहिली. बायका का राहतात असं विचारणाऱ्यांना विचारू द्या, त्यांचं काय जातंय. ती निघाली ती एका क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीमुळं. स्वयंपाकघराच्या खणात किमयाचं बोट चेमटलं. नख काळंनिळं झालं. पोरीनं रडायला तोंड उघडलं आणि दुसऱ्या हातानं स्वतःच ते दाबून धरलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आवाज मात्र नाही. बाबा घरात होते ना.

ते बघून कस्तुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी निषाद ऑफिसला गेला तसं तिनं किमयाला कडेवर घेतलं आणि पासपोर्टाविनाच घर सोडलं.

*

अहवाल हाती आला त्या दिवशी तिनं निवारागृहातून आईला फोन लावला.

"काय गं, कुणाच्या मयताला गेल्यागत काय बोलतीस?" आईनं तिचं 'हॅलो' ऐकताच विचारलं.

कस्तुरीनं सगळं सांगितलं. यंत्र, लाल रेघ, छळ करणारी बायको. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि आईच्या बाबतीत ही गोष्ट काही साधी नव्हती.

"आई? हायस न्हवं?"

"हाय." आईचा आवाज घोगरा झाला होता. "मला कळायला पायजे हुतं गं. लगीन झाल्यावर वरीसभरात सुट्टीच्या दिशी तुझा आवाज बारीक व्हाय लागला. फोनवर कवा निस्तं हूं हूं करायचीस, कवा मधीच गप व्हायचीस. मला वाटलं, पोरगी परदेशात जाऊन सुधारली. गल्लीभर सांगत सुटले, आमची कस्तुरी आता मडमेवानी हळू बोलती म्हणून. आगं, आमची झोप कवा उडती? माग बंद पडल्यावर. आन् माझी लेक बंद पडली तरी मी घोरतच हुते."

"आई, रडू नगंस."

"रडत न्हाई. संतापलीया मी. त्या येंत्राला म्हणावं, आरडली ते काय मोजतोस, गप कवा बसली ते मोज."

कस्तुरी फोन कानाशी धरून तशीच बसून राहिली. आई पुढं बरंच काही बोलत होती, निषादच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं. शब्द पुसले गेले होते, ते आता कधीच मिळणार नव्हते. पण शांतता कुठं पुसली होती? ती तर सगळीच्या सगळी यंत्राजवळ होती, त्याच आलेखात, हिरव्या रंगात.

दुसऱ्या दिवशी तिनं हे सेलामला सांगितलं, तेव्हा सेलामनं खुर्ची पुढं ओढली. पण लगेच तिचा चेहरा उतरला.

"कल्पना खरी आहे. पण लवाद ठरलेला अहवालच ग्राह्य धरतो. तीच माहिती पुन्हा वेगळ्या रीतीनं वाचायची तर अहवाल चुकला आहे असं आधी पटवावं लागतं. आणि तेवढ्यात हे आलंय." तिनं एक लहानशी डबी टेबलावर ठेवली.

डबीत कातडीच्या रंगाची एक पातळ पट्टी होती. गळ्याला चिकटवायची. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की ती थरथरते आणि माणसाला आठवण करून देते. निषादचा प्रस्ताव असा होता: कस्तुरीनं मान्य करावं की आक्रमक तीच होती, ही पट्टी लावून स्वरसंयमाचा अभ्यासक्रम पुरा करावा, मग तो पुन्हा सही देईल. ती वेगळी राहिली तरी त्याची हरकत नाही. किमया आठवड्यातले काही दिवस तिच्याकडे राहील.

"म्हणजे माझा इथला मुक्काम पुन्हा त्याच्या सहीवर," कस्तुरी म्हणाली.

"हो. पण मुक्काम तरी राहील. कस्तुरी, मी तुझी वकील आहे, मला खरं बोललं पाहिजे. सुनावणीत तू हरण्याची शक्यता जास्त आहे. हरलीस तर तू विमानात आणि मुलगी त्याच्याकडे. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनंही सांगितलं असतं, सही कर." सेलामनं डबी तिच्याकडे सरकवली. "आणि लढायचंच असेल, तर निदान तिथं हळू बोल. थोडं रडलीस तरी चालेल."

"तू पण?" कस्तुरी म्हणाली.

ती डबी घेऊन निवारागृहात आली. अंगणात पोरं दोरीच्या झोपाळ्यावरून भांडत होती. किमया भिंतीला टेकून बघत उभी होती. आई दिसताच ती धावत आली, तिला खाली वाकायला लावलं आणि कानात कुजबुजली, "मला खेळायला घ्या, असं त्यांना सांग ना."

"तूच सांग की."

किमयानं मान हलवली आणि पुन्हा कानात म्हणाली, "मोठ्यानं सांगावं लागेल."

कस्तुरी तिथंच फरशीवर बसली. खरं तर तिला फार भीती वाटत होती. पोरगी हातची गेली तर? पट्टी लावून का होईना, पोरीजवळ राहता येईल, हा मोह काही लहान नव्हता. पण ही पट्टी आपण गळ्याला लावली, तर पोरीच्या गळ्याला ती कुणी न लावताच बसणार आहे, हेही तिला लख्ख दिसत होतं. किंबहुना ती बसलीच होती.

तिनं सेलामला फोन केला. "डबी आणून देते, ती त्याला परत पाठव. आणि दुभाषी मागवून घे. मी मराठीतच बोलणार."

"तुला इंग्रजी उत्तम येतं."

"अधिकाऱ्यांपुढं इंग्रजी बोलताना माझा आवाज आपोआप लहान होतो. मला तो लहान नको आहे."

सेलामनं हात टेकले. पण दुभाषी मागवला.

*

लवादाच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा होता. सुनावणीत कुणी कुणावर दडपण आणू नये म्हणून तेच यंत्र तिथंही बसवलेलं होतं, आणि बोलणाऱ्याची रेघ पडद्यावर उमटत जाई. समोर पीठासीन अधिकारी ओल्सेनबाई, पिकल्या केसांच्या, चेहऱ्यानं प्रेमळ. एका बाजूला लवादाची तंत्रज्ञ, दुसऱ्या बाजूला दुभाषी वाळिंबे. वाळिंबे मूळचे नगरचे, साठीला आलेले. ऐकलेलं जसंच्या तसं सांगायचं, आपलं मत घालायचं नाही, हा त्यांचा नेम.

आधी निषाद बोलला. करड्या रंगाचा स्वेटर, हात मांडीवर जुळवलेले. "माझ्या मनात तिच्याबद्दल राग नाही. तिला मदत मिळावी एवढीच इच्छा आहे. आमच्या मुलीला शांत घर हवं आहे." पडद्यावर हिरवी रेघ तळ्यासारखी पसरली. ओल्सेनबाईंनी मान डोलावली.

मग कस्तुरी उठली. "बाई, मला आधी आईला एक फोन करायचा आहे. इथं, सगळ्यांसमोर."

निषादच्या वकिलानं हरकत घेतली. सेलाम म्हणाली, अहवाल कसा तयार होतो ते दाखवायला हे आवश्यक आहे. ओल्सेनबाईंनी परवानगी दिली, कदाचित कुतूहलापोटीच.

"कस्तुरे, जेवलीस का?" मुसळेबाईंचा आवाज खोलीत घुमला.

पडद्यावर लाल सुळका छतापर्यंत गेला.

"हितं सकाळ हाय, आई."

"मग न्याहारी केलीस का? पोरगी कुटं हाय? तिला त्या लोकांनी काय खायला घातलं?"

"दूध पिली. तू काय करालीस?"

"मिरच्या भरत बसलीया. दह्यातल्या. हिकडं ऊन असं पडलंय म्हणतीस."

पडद्यावर अक्षरं लुकलुकायला लागली: 'तीव्र संघर्ष. तातडीच्या मध्यस्थीची शिफारस.' दारातला पहारेकरी दोन पावलं पुढं आला. वाळिंबे सुतकी चेहऱ्यानं भाषांतर करत होते. "अर्जदाराची आई विचारत आहेत, जेवण झालं का. अर्जदार म्हणतात, इथं सकाळ आहे. आई विचारत आहेत, मग नाष्टा झाला का. आई मिरच्यांत मसाला भरत आहेत."

तंत्रज्ञ मुलीनं हसू लपवायला खाली मान घातली. ओल्सेनबाई पडद्याकडे पाहत राहिल्या.

"तुमच्या यंत्राप्रमाणे मी रोज दुपारी माझ्या आईचा छळ करते," फोन ठेवून कस्तुरी म्हणाली. "त्या वेळी निषाद ऑफिसात असतो. अहवालातले निम्मे सुळके हे आहेत. उरलेले माझ्या पोरीला गोष्टी सांगतानाचे."

"कृपया जरा हळू बोला," ओल्सेनबाई म्हणाल्या. "तुमचा मुद्दा माझ्या लक्षात आला. यंत्रानं तुमच्याबाबत चूक केली असेल. पण त्यावरून तुमच्या पतीनं छळ केला असं सिद्ध होत नाही."

"नाही होत," कस्तुरी तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली. "त्यासाठी मी कुठं गप्प बसले ते बघावं लागेल. एका रविवारी बर्फ पडत होतं—"

ती सांगू लागली. बाल्कनी, कुलूप, सुती ड्रेस. शांतपणे सांगायचं तिला जमलंच नसतं आणि तशी तिची इच्छाही नव्हती. लाल रेघ पडद्यावर उसळत होती. ओल्सेनबाईंनी पुन्हा एकदा आवाज कमी करण्याची सूचना केली. कस्तुरीनं ती ऐकली आणि बोलतच राहिली. पहारेकरी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी काच वाजवायला हात उचलला, आणि हा माणूस आतून—"

"हळू," निषाद म्हणाला.

तो काही ठरवून बोलला नसावा. वर्षानुवर्षांची सवय. आवाज इतका मऊ, की मागच्या रांगेत ऐकूही गेला नसेल. मांडीवरची दोन बोटं किंचित दाबली गेली होती.

कस्तुरी थांबली.

वाक्य अर्धंच राहिलं. तिनं ते पुढं न्यायचा प्रयत्न केला, ओठ हलले, पण घशातून आवाज फुटेना. मनगट आपोआप पोटाशी गेलं. खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते आणि तिला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लांब येऊन, एवढं सगळं करून, शेवटी एका शब्दानं आपण पुन्हा त्या बाल्कनीत.

पडद्यावरची रेघ खाली आली, सपाट झाली, हिरवी झाली. 'तणाव निवळला,' अक्षरं उमटली. 'वातावरण शांत आहे. धन्यवाद.'

तेवढ्यात वाळिंब्यांनी आपलं काम केलं. "प्रतिवादी म्हणाले, हळू," त्यांनी सांगितलं.

कस्तुरीची नजर त्या 'धन्यवाद'वर गेली. फ्रिजवरचे तारे तिला आठवले, आल्याचा चहा आठवला, तोंडावर दाबलेला इवलासा हात आठवला. आणि आतून जे काही उसळलं त्यानं घसा मोकळा झाला.

"पाहिलंत?" ती ओरडली. होय, ओरडलीच. "तुम्ही दोनदा सांगितलंत हळू बोला, मी ऐकलं नाही. हा पहारेकरी येऊन उभा राहिला, मी ऐकलं नाही. यानं एकदाच सांगितलं. तुमचं यंत्र म्हणतं, शांत झालं, धन्यवाद. अशी शांतता त्याच्याजवळ आम्ही त्या घरात राहायला गेल्यापासूनची साठलेली आहे. मी कुठं ओरडले ते नका विचारू त्याला. कुठं थांबले ते विचारा."

वाळिंबे भाषांतर करू लागले, आणि नेम मोडून तेही जरा मोठ्यानंच बोलले.

ओल्सेनबाईंनी बराच वेळ हातातलं पेन टेबलावर उभं आडवं केलं. मग त्या तंत्रज्ञ मुलीकडे वळल्या. "बाईंचा नेहमीचा आवाज पाया धरा. त्यांचा आवाज एकदम कुठं तुटतो ते दाखवा. आणि त्या वेळी घरात आणखी काय काय घडलं, तेही."

काम फार वेळाचं नव्हतं. माहिती तीच, प्रश्न तेवढा उलटा. पडद्यावर जुना आलेख आला, पण आता सुळक्यांऐवजी खड्डे ठळक झाले होते. तंत्रज्ञ एकेक वाचत गेली. मुख्य दाराचं कुलूप उघडलं, बाईंचा आवाज तुटला. लगेच पाठोपाठ मुलीचा. पुरुषाचा एक छोटा, मऊ उच्चार, बाईंचा आवाज तुटला. नंतर आतल्या खोलीचा हीटर बंद, आज्ञा नवऱ्याच्या मोबाईलवरून. पुन्हा दार. पुन्हा मऊ उच्चार. पुन्हा हीटर. पुढं पुढं वाचणाऱ्या तंत्रज्ञ मुलीचाच आवाज अडखळायला लागला.

"हा दिवस अहवालात सगळ्यात शांत म्हणून नोंदलेला आहे," ती म्हणाली. "रविवार. फोनवरचं बोलणं मध्येच तुटलं. बाल्कनीचं दार उघडलं, बंद झालं, नवऱ्याच्या मोबाईलवरून कुलूप. त्यानंतर घरात एका मोठ्या माणसाच्या पावलांचा आवाज आहे. आणि लहान मुलीचा श्वास, फार जलद. तासभर दुसरं काही नाही. बाहेरचं तापमान..." तिनं ते वाचलं नाही. सगळ्यांना पडद्यावर दिसतच होतं.

"मी कधीच आवाज चढवलेला नाही," निषाद म्हणाला.

त्याच्या वकिलानं समोरची फाईल मिटली.

*

निकाल आला तो कस्तुरीच्या बाजूनं. स्वतःच्या नावावर राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क, किमयाचा ताबा तिच्याकडे, पासपोर्ट तात्काळ परत. शिवाय ओल्सेनबाईंनी लिहिलं होतं, की घराची शांतता हा यापुढं सलोख्याचा पुरावा मानला जाऊ नये, आणि कुणालाही जोखण्याआधी त्या माणसाचा नेहमीचा आवाज कसा आहे ते यंत्रानं शिकून घ्यावं. सेलामनं ती ओळ तिला परत परत वाचून दाखवली. इतर बायकांच्या किती फायली आता पुन्हा उघडायच्या, याच विचारात ती होती.

निकालाची प्रत घ्यायला गेली तेव्हा कस्तुरीला ओल्सेनबाई जिन्यात भेटल्या. "मीही तुम्हाला दोनदा हळू बोला म्हणाले होते," त्या अवघडून म्हणाल्या.

"हो," कस्तुरी म्हणाली. "तिसऱ्यांदा म्हणाला असतात तरी मी ऐकलं नसतं."

ओल्सेनबाई हसल्या नाहीत. त्यांनी कस्तुरीचा हात हातात घेतला आणि सोडून दिला.

तिला एका कापड गिरणीत नोकरी लागली. गिरणी नव्या तऱ्हेची, जवळजवळ मुकी, पण कुठला माग नीट चालत नाही हे तिला पाय ठेवल्या ठेवल्या कळायचं. बंदराजवळच्या जुन्या वस्तीत तिनं दोन खोल्यांचं घर घेतलं. भिंतीत यंत्र होतंच. ते काढून टाकायचा तिला हक्क होता, पण तिनं ठेवून घेतलं. तेही आता नव्यानं शिकत होतं. पहिल्याच आठवड्यात आईच्या फोनवर त्यानं मध्यस्थीची शिफारस करणं सोडून दिलं.

किमया मात्र अजून कुजबुजायची. कस्तुरीनं तिला एकदाही मोठ्यानं बोल असं सांगितलं नाही. कसं बोलावं हे त्या पोरीला सांगणारे आजवर पुष्कळ झाले होते.

एका संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या होत्या. आजीनं पाठवलेल्या दह्यातल्या मिरच्या कस्तुरीनं तळल्या होत्या, किमया भाताचे डोंगर करून त्यांवर दही ओतत होती. दोघींची तोंडं कामात होती, त्यामुळं बोलणं बंद होतं. बराच वेळ नुसता ताटांचा आवाज.

भिंतीतून आवाज आला, "घर एकदम शांत झालं आहे. सगळं ठीक आहे ना?"

कस्तुरीचा घास हातातच राहिला. हा प्रश्न त्या भिंतीनं तिला आजवर कधीच विचारला नव्हता. तिचे डोळे भरून आले.

किमयानं आईकडे पाहिलं, मग भिंतीकडे. तोंडातला भात कसाबसा गिळला, खुर्चीवर उभी राहिली आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून, इचलकरंजीतल्या तिच्या आजीलाही फोनाविना ऐकू जावं अशा आवाजात ओरडली,

"आम्ही जेवतोय!"

खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं छतावर काठी ठोकली. कस्तुरीनं पायानं फरशी ठोकून त्याला उत्तर दिलं आणि पोरीच्या ताटात आणखी भात वाढला.